‘तपासलेला’ प्रोजेक्टर व्हिडिओत लुकलुकतो: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या जुन्या ड्युअल-८ प्रोजेक्टरबद्दल (८ मिमी फिल्मचे रेग्युलर ८ आणि सुपर ८ हे दोन्ही प्रकार चालवणारा) आणि आरशाच्या ट्रान्सफर पेटीबद्दल (प्रोजेक्टरचं चित्र आरशातून व्हिडिओ कॅमेऱ्यापर्यंत पोचवणारी) तुम्ही लिहिलंत: व्हिडिओत चित्र लुकलुकतं, अक्षरांना दुहेरी कडा दिसतात, एका रिळावर लांबच लांब उभी रेघ पडली, आणि तरीही आम्ही ‘तपासलेला, चालू’ म्हणून विकला.

चूक आमची आहे. दिवा लागतो, मोटर फिरते, फिल्म अडकत नाही, एवढंच आम्ही पाहिलं होतं. पडद्यावर बघायला ते पुरतं. व्हिडिओ करायला घेतलेल्या यंत्राची तपासणी वेगळी असते, आणि ती आम्ही केली नव्हती.

आधी लुकलुकण्याबद्दल. सुपर ८ ची नेहमीची गती सेकंदाला १८ फ्रेम. प्रोजेक्टरच्या शटरला (दिव्यासमोर फिरून प्रकाश अडवणारी चकती) तीन पाती असली की प्रकाश सेकंदाला ५४ वेळा तुटतो. डोळ्याला ते कळत नाही, पण व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर चालत असेल तर ५४ आणि ५० मधला फरक उजेडाच्या चढउतारासारखा दिसतो, सेकंदाला चारदा. म्हणून प्रोजेक्टरची गती १६⅔ वर आणायची (१६⅔ × ३ = ५०) आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवायचं. ३० किंवा ६० वर चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी २० फ्रेम आणि १/६०. जुना प्रोजेक्टर घेताना पहिला प्रश्न हाच: पाती किती, आणि गती हवी तिथे आणता येते का? फक्त १८ आणि २४ चा खटका असेल तर या कामाला तो घेऊ नये, बाकी कितीही सुस्थितीत असला तरी.

तुमच्या यंत्राला गतीचं बटण आहे, पण त्यावरच्या खुणांवर विसंबू नका. नको असलेल्या सुपर ८ फिल्मवर ४.२३ मीटर अंतराने दोन खुणा करा, म्हणजे मध्ये १००० फ्रेम येतात. १६⅔ गतीला त्या बरोबर ६० सेकंदांत जातात. यंत्र दहा मिनिटं तापल्यावर हे मोजा, कारण थंड मोटर आणि घसरणारा रबरी पट्टा गती बदलतात. दर वेळी आकडा वेगळा आला तर पट्टा गेलाय असं समजा. १८ ला चित्रित केलेली फिल्म अशी चालवली की हालचाल थोडी संथ दिसते. संकलनात वेग १०८ टक्के केला की ती पूर्ववत होते. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड वरखाली करत राहतो.

दुहेरी कडा पेटीतल्या आरशामुळे येतात. पेन्सिलीचं टोक आरशाला अलगद टेकवा. टोक आणि प्रतिबिंब यांत फट दिसली तर मुलामा काचेच्या मागे आहे, म्हणजे घरातला साधा आरसा. इथे मुलामा पुढच्या बाजूला असलेलाच आरसा लागतो. तो कापडाने घासू नका, मुलामा निघतो. फक्त हवेने धूळ उडवा.

रेघेचं आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं, कारण मूळ फिल्म एकच असते. गेटवर (फिल्म दिव्यासमोरून जाते ती चौकट) किंवा फिल्म तिथे सपाट धरणाऱ्या दाबपट्टीवर इमल्शनचा, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या लेपाचा, कडक थर साचला की तो प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी ओरखडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने तो काढतात, धातूने कधीच नाही. नंतर दोन मीटर टाकाऊ फिल्म चालवून तिरप्या उजेडात भिंगाने पाहायची. ही चाचणी यंत्र पाठवण्याआधी आम्ही करायला हवी होती.

तुमची रेघ पडद्यावर काळी दिसत असेल तर ती बहुधा फिल्मच्या चकचकीत पाठीवर, म्हणजे इमल्शन नसलेल्या बाजूवर, आहे. वेट गेट स्कॅनिंगमध्ये (फिल्म द्रवात भिजवून स्कॅन करतात) द्रव त्या ओरखड्यात भरतो आणि अशी रेघ बरीचशी दिसेनाशी होते. त्या रिळाच्या स्कॅनिंगचा खर्च आम्ही देऊ. संच परत पाठवलात तर वाहतुकीसह पूर्ण पैसे परत. ठेवायचा असेल तर पट्टा आणि आरसा आम्ही बदलून देतो, गेट साफ करतो आणि गती मोजून देतो. तोवर कृपया एकही मूळ रीळ त्यावर चालवू नका.