केळी, कागद आणि एलिफंटा

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचं पत्र यंदाही आलं. ‘सेवा-सहल, मुंबई. तीन दिवस. मुलंमुली ४२.’ सोबत कार्यक्रमाचा तक्ता. मुक्काम आमच्या भायखळ्याच्या चर्चच्या हॉलमध्ये, सतरंज्या आमच्या, नाश्ता महिला संघाचा. गेल्या वर्षी ही सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आधी एक सांगतो. सहलीला माझा काडीचाही विरोध नाही. आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी मुलांना ‘सेवेला आलात की फिरायला?’ असं विचारलं तेव्हा मला त्यांचा रागच आला. बारावीतला एक पोरगा पहिल्यांदा समुद्र बघत होता. चपला हातात धरून तासभर चौपाटीच्या पाण्यात उभा. त्याने काय डोळे मिटून घ्यायचे? फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल दाखवलं, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. चर्चगेट म्हणजे या चर्चकडचा किल्ल्याचा दरवाजा, असं सांगितल्यावर एकीने विचारलं, “म्हणजे स्टेशनात चर्च नाहीच?” वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी) चर्चपेक्षा जास्त वेळ शाहरुखच्या बंगल्यासमोर गेला. जाऊ दे, वय आहे.

माझं भांडण तक्त्यातल्या एका ओळीशी आहे. ‘सोमवार, १० ते १२, सेवा (परळ).’

टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं पथारी टाकून दिवस काढतात, हे मुंबईकरांना सांगायला नको. आम्ही तिथे केळी वाटली. ४२ मुलं, टेम्पोभर केळी. एका म्हातारीच्या उशाशी आधीच दोन डझन पडलेली, काळी पडायला लागलेली. तिच्याकडे येणारा प्रत्येक जण केळीच आणत असणार. ती जालन्याकडची. नवऱ्याला घेऊन आलेली. आमच्यातल्या अकरावीच्या मुलीला म्हणाली, “पोरी, केळं राहू दे. ह्ये कागद वाच की जरा.”

कागद इंग्रजीत. मुलीने बोट ठेवून वाचला. स्कॅन आजच, दुपारी एक वाजता, आणि त्याआधी सहा तास काहीही खायचं नाही. म्हातारा शेजारी बसून आमचंच केळं सोलत होता. पोरीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्या दोन तासांत कुणी खरोखर सेवा केली असेल तर ती एवढीच.

मग म्हातारीने विचारलं, “खोली कुठली ते दावशील का? मला तिथं काय उमगत न्हाई.” मुलगी उठली. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. साडेअकरा झाले होते, साडेबाराला गेटवे गाठायचा, नाहीतर लाँच चुकणार. मी तिचा हात धरून तिला बसमध्ये बसवलं. मीच. म्हातारीला म्हटलं, “आत कुणालाही विचारा, सांगतील.”

गेटवेवर पोचल्यावर कळलं, सोमवारी एलिफंटाची लेणी बंद असतात.

ती मुलगी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. आदल्या दिवशी चौपाटीवरून जाताना मीच माइक हातात घेऊन सांगितलं होतं की १८८९ साली पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन इथेच सुरू केलं. दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, केडगावला त्यांना घर दिलं आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्यांच्यातच राहिल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वाक्यात मी म्हटलं होतं, “उद्या सेवेला दोनच तास आहेत, वेळ पाळा.”

नंतर परळला पेशंटांसाठी काम करणाऱ्या एका बाईंना विचारलं, नक्की काय लागतं? त्या म्हणाल्या, रांगेत नंबर धरणारा माणूस. फाइल वाचणारा. आणि कुणीतरी पेशंटजवळ नुसतं बसणारा, कारण सामान सांभाळायला कुणी नसतं म्हणून बायका तासन्‌तास लघवीलाही जात नाहीत. यातलं काहीच ४२ जणांनी दोन तासांत करण्यासारखं नाही. फोटोही धड येत नाही.

म्हणून तिकडच्या पाळकसाहेबांना कळवलं, यंदा बस नको. इंग्रजी वाचता येणारे सहाच जण पाठवा, पण आठ दिवस. राहणं-जेवण आमच्या घरी. फिरायचं असेल तर रविवारी उपासना आटोपली की एलिफंटाला मी स्वतः नेतो, वार बघून.

काल त्यांचं उत्तर आलं. ‘सलाम. सूचना चांगली आहे. पण ४२ जणांनी पैसे भरलेत.’