रक्त कशाकशासाठी तपासलं, तेही सांगा

नोकरीआधीची वैद्यकीय तपासणी म्हणजे सरसकट 'कंपनीचा हक्क', हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार नोकरीची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी घेताच येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तर १९९७ मध्येच सांगितलं होतं, की कामाला तंदुरुस्त असलेल्याला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून नाकारता येणार नाही.

आमच्या विदर्भात प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. माझ्या भाच्याला बुटीबोरीच्या एका कारखान्यानं रिपोर्टवर 'एएस' पाहून परत पाठवलं. अहो, एएस म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे! पोरगा नागपूरच्या मे महिन्यात पोती उचलतो. संमतीची सही आधीच घेतली, रिपोर्टची प्रत मात्र दिली नाही. आता विम्याच्या फॉर्मवर विचारलं तर खरंच लिही म्हटलंय त्याला, लपवलं तर उद्या क्लेम अडायचा.