म्हणे, नाटक गोव्याला 1961 नंतर मिळालं!

जत्रांचा मोसम लागला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हटकून फिरतो. त्याचं म्हणणं असं: मुक्तीपूर्वी, म्हणजे 1961 पर्यंतच्या पोर्तुगीज अमलात, गोव्यात फक्त तियात्र (कोंकणी गाण्यांचं नाटक) होतं, मराठी नाटक नंतर मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आणलं, खरी रंगभूमी गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेने घडवली आणि जत्रेतली गावची नाटकं म्हणजे नुसता हौशी धांगडधिंगा.

तियात्राचं आधी उरकतो. पहिलं तियात्र 17 एप्रिल 1892 रोजी झालं, आणि झालं मुंबईत. अस्सल गोव्याचं म्हणून जे दाखवता त्याचा जन्म मुंबईचा, आणि मराठी नाटक तेवढं उपरं?

आता ‘बाहेरून आणलं’ याविषयी. तिसवाडीतल्या डोंगरी गावचे कृष्णंभट्ट बांदकर (1844–1902) पोर्तुगीज अमलात मराठी पदं रचून नाटकं लिहीत होते. किर्लोस्करांचं शाकुंतल 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात रंगमंचावर आलं तेव्हा बांदकर छत्तिशीत होते. संगीत नाटकाचा पहिला मान कोणाचा, हे भांडण आपल्याकडे फार चवीने चालतं. मला त्यात पडायचं नाही. ते बाजूला ठेवलं तरी 1961 चा आकडा टिकत नाही. जत्रेतला काला आणि सत्तरी तालुक्यातलं रणमाले ही लोकनाट्यं तर मी अजून मोजलेलीच नाहीत.

खरं तर माणसं इथून तिकडे गेली. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभी केली तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. नट मास्टर दत्ताराम वळवईचे, गायिका-नटी ज्योत्स्ना भोळे बांदिवड्याच्या.

अकादमीच्या स्पर्धेने नेपथ्य, प्रकाशयोजना, नव्या संहिता यांची शिस्त लावली, हे मान्य. पण स्पर्धेत उतरणारी मंडळं आली कुठून? गावच्या मांडावरूनच, म्हणजे गावाची लोककला जिथे उभी राहते त्या जागेवरून.

राहिला धांगडधिंगा. असं लिहिणाऱ्याने देवळाच्या अग्रशाळेत (देवळालगतच्या धर्मशाळेत) एक तरी तालीम पाहावी. दिवसभर बस चालवणारा, बँकेत बसणारा, बागायतीत राबणारा असे सगळे रात्री जमतात. कामं वाटताना रुसवेफुगवे होतात, पेटीवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात, आणि पडदे, कपडे, रंगभूषा यांचा खर्च वर्गणीतून निघतो, तो कमी पडला की नटांच्याच खिशातून. एवढं करून नाटक पालखीनंतर, मध्यरात्रीच्या सुमाराला उभं राहतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना पदं पाठ असतात, त्यामुळे तान चुकली तर लगेच कळतं. या प्रेक्षकापुढे धांगडधिंगा फार काळ चालत नाही.

एका गोष्टीवर मात्र त्या मजकुराने बोट ठेवायला हवं होतं. जत्रेत अजून मुंबईच्या जुन्या संहितांनाच पहिली पसंती मिळते. डोंगरीनेच विष्णू वाघांसारखा नाटककार दिला, तरी गावचं मंडळ गोव्याच्या लेखकाकडे सहसा वळत नाही. मजकुरात एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो.