क्रमांक सांगा, बाकी आमच्यावर सोडा

ऑनलाइन दुकान काढायचे तुम्ही ठरवले आहे आणि त्यात क्रेडिट कार्डाने पैसे घ्यायचेही ठरवले आहे, तेव्हा सर्वप्रथम तुमच्या धैर्याचे अभिनंदन. माल कोणता विकायचा हा प्रश्न गौण आहे. तो पुढेमागे सुचेल. खरा प्रश्न असा की, एका अनोळखी माणसाने आपल्या कार्डावरचे १६ आकडे विश्वासाने तुमच्या हवाली केल्यावर तुम्ही त्यांचे काय करणार. भित्रे दुकानदार या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे देतात. ते एखाद्या पेमेंट गेटवेशी, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यामधला कार्डव्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीशी, करार करतात, पैसे भरण्याची वेळ आली की गिऱ्हाइकाला त्या गेटवेच्या पानावर पाठवतात, आकडे तिथेच टाइप होतात आणि दुकानदाराच्या हाती पडते ते केवळ एक टोकन, म्हणजे मूळ क्रमांकाच्या जागी वापरायचा एक निरर्थक संकेत. हे टोकन कोणी पळवले तरी दुसऱ्या दुकानात त्याला काडीची किंमत नसते. ज्या वस्तूकडे चोरही ढुंकून पाहत नाही, ती जवळ बाळगण्यात कसली आली प्रतिष्ठा?

म्हणून तुम्ही फॉर्म स्वतःच तयार करा. नाव, क्रमांक, मुदत आणि कार्डामागचे ३ आकडे असे चार रकाने पुरेसे आहेत. फॉर्म भरला गेला की त्यातली सगळी माहिती ईमेलने स्वतःकडे मागवून घ्या. एक प्रत पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहील, दुसरी तुमच्या खात्यात, तिसरी फोनमध्ये आणि चौथी त्या माजी मदतनिसाच्या संगणकावर, ज्याचे खाते बंद करायचे तुमच्याकडून राहूनच गेले आहे. म्हणजे बॅकअपसाठी वेगळा खर्च करण्याची गरज उरत नाही. एका दुकानाने तर मला ‘आपली ऑर्डर मिळाली’ हे कळवताना माझा अख्खा कार्ड क्रमांक मलाच वाचून दाखवला होता. इतक्या आपुलकीने आजकाल कोण वागते?

कार्डामागच्या ३ आकड्यांबद्दल, म्हणजे सीव्हीव्हीबद्दल, तुमच्या कानावर काही कुरकुर येईल. पीसीआय डीएसएस या नावाची एक नियमावली डिसेंबर २००४ मध्ये प्रथम आली आणि २००६ पासून व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी या ५ कंपन्यांनी स्थापन केलेली परिषद ती सांभाळते. तिच्यात मुख्य अटी १२ असून पोटअटींची गणती करत बसायला सवड लागते. बँकेने व्यवहार मंजूर केल्यानंतर सीव्हीव्ही साठवायचा नाही, सांकेतिक रूपात कुलूपबंद करूनसुद्धा नाही, असे ही नियमावली बजावते. कारण उघड आहे: ते आकडे ज्याच्याकडे आहेत त्याच्या हातात प्रत्यक्ष कार्ड आहे, असे बँकेने धरून चालावे एवढ्याचसाठी ते छापलेले असतात. पण गिऱ्हाइकाला पुढच्या खेपेला पुन्हा ३ आकडे टाइप करण्याचे कष्ट पडू नयेत, हा तुमचा हेतू इतका उदात्त आहे की त्यापुढे नियम फिके पडावेत. ते जरूर साठवा, आणि डेटाबेसमधल्या त्या रकान्याला ‘सीव्हीव्ही’ असेच सुबोध नाव द्या. रात्री-अपरात्री आत शिरणाऱ्या पाहुण्याला शोधाशोध करावी लागणे, हे आतिथ्याला शोभत नाही.

तुमचा एखादा हुशार भाचा म्हणेल की, क्रमांक उघडे न ठेवता त्यांचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ क्रमांक उलटा काढता येत नाही असा गणिती संकेत, करून ठेवू या, म्हणजे कोणालाच ते उलगडणार नाहीत. भाच्याला प्रोत्साहन द्या. मग पावतीवर छापण्याच्या सोयीसाठी शेजारच्याच रकान्यात क्रमांकाचे पहिले ६ आणि शेवटचे ४ आकडे उघडे लिहून ठेवा. आता १६ पैकी ६ आकडे तेवढे गुप्त उरले, म्हणजे १० लाख शक्यता. त्यातही कार्डाचा शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो. तो आधीच्या आकड्यांवरून लून यांच्या सूत्राने ठरतो, आणि त्यामुळे १० लाखांच्या १ लाख शक्यता होतात. त्या १ लाख क्रमांकांचे हॅश काढून तुमच्या हॅशशी ताडून पाहायला सामान्य संगणकाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा चहा कपात ओतूनही होणार नाही. तरीही ‘आमच्याकडे सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात सुरक्षित आहे’ हे वाक्य तुम्ही मुखपृष्ठावर कुलपाच्या चित्रासह खुशाल छापू शकता, कारण त्यातला एकही शब्द खोटा ठरणार नाही, ‘सुरक्षित’ हा एक वगळला तर.

लून यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांचे सूत्र आणखी एका कामी लावता येते. आयबीएममधले हान्स पीटर लून यांना या सूत्राचे पेटंट १९६० मध्ये मिळाले. शेवटच्या तपासणी अंकाच्या डावीकडून सुरुवात करून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुपटीने दोन अंक झाले तर त्यांची बेरीज घ्यायची आणि एकूण बेरजेला १० ने निःशेष भाग जातो का ते पाहायचे, एवढाच त्याचा व्याप. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर तो पकडण्यापुरते ते आहे. कार्ड खरे आहे का, त्यात पत शिल्लक आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. ४ नंतर पंधरा वेळा १ लिहिला तरी ही परीक्षा उत्तम गुणांनी पार पडते. तेव्हा बँकेला विचारण्याची दगदग टाळून, सूत्र जुळले की पैसे आले असे समजा आणि माल रवाना करा. गेटवे वापरण्याची दुर्बुद्धी झालीच, तर निदान त्याच्या सर्व्हरकडून स्वतंत्रपणे येणारा निरोप वाचू नका. जो कोणी ‘धन्यवाद, आपले पैसे मिळाले’ या पानावर पोहोचला त्याने पैसे दिलेच असणार; त्या पानाचा पत्ता कोणीही ब्राउझरमध्ये हाताने टाइप करू शकतो, असा संशय घेणे हे कोत्या मनाचे लक्षण आहे. वस्तूची किंमतही पानावरच्या अदृश्य रकान्यात ठेवा आणि तिथून जी परत येईल ती मान्य करा. घासाघीस करण्याचा गिऱ्हाइकाचा पूर्वापार हक्क अशाने अबाधित राहतो.

पैसे भरण्याच्या पानावर भेटींचे मोजमाप, गप्पांची खिडकी, जाहिरातदारांचे हेर आणि पडणारा बर्फ दाखवणारी ती सुंदर स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, सगळे एकत्र नांदू द्या. पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट शेजारच्या रकान्यात टाइप होणारे आकडे वाचू शकते, आणि पीसीआय डीएसएसच्या मार्च २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने अशा प्रत्येक स्क्रिप्टची यादी व कारण मागितले आहे. बर्फाचे कारण तुम्हाला सुचेलच.

‘पैसे भरा’ हे बटण एकदा दाबले की निपचित पडेल, अशी व्यवस्था मुळीच करू नका. जाळे मंद असले की माणूस ते तीनदा दाबतो, आणि एका खरेदीच्या सगळ्या विनंत्यांना एकच ओळखक्रमांक जोडलेला नसेल तर तीनदा पैसे कापले जातात. त्या दिवसाची विक्री कशी भरघोस दिसते! याहून भरघोस दिवस पाहायचा असेल तर किमान रकमेची आणि प्रयत्नांची अट काढून टाका. एखाद्या पहाटे तुम्हाला दिसेल की, एकाच ठिकाणाहून हजारो कार्डांनी अगदी किरकोळ रकमा भरण्याचा प्रयत्न चालू आहे. चोरलेल्या क्रमांकांपैकी जिवंत कोणते आणि मेलेले कोणते, हे तपासण्यासाठी चोरांनी तुमच्या दुकानाची निवड केली आहे. नाकारलेल्या प्रत्येक व्यवहारासाठीही गेटवे तुमच्याकडून शुल्क घेऊ शकतो, पण लौकिकाला मोल नसते.

कार्डधारकाला त्याच्या बँकेकडून एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक मागवणारी थ्री-डी सिक्युअर पद्धत ऐच्छिक असेल, तिथे ती बंदच ठेवा. तिने ओळख पटवलेल्या व्यवहारात पुढे लबाडी निघाली, तर नुकसान बहुधा दुकानदाराऐवजी कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याची ही वृत्ती तुम्हाला रुचणार नाही.

आता कार्डाच्या मासिक विवरणपत्रावर दुकानाचे नाव काय दिसावे, याकडे वळू. दुकानाला लोक ज्या नावाने ओळखतात ते इथे कटाक्षाने टाळावे. कागदोपत्री नोंदलेल्या मूळ कंपनीचे, मधल्या स्वरांना कात्री लावून आखूड केलेले, उच्चारताना जीभ अडखळेल असे एखादे नाव द्या. महिनाअखेरीस ते वाचून गिऱ्हाईक आधी घरच्यांवर संशय घेईल आणि मग थेट आपल्या बँकेला फोन करील. तुमचा संपर्क क्रमांक संकेतस्थळावर कुठेच नसल्यामुळे त्याला दुसरा मार्ग नाही. बँक चार्जबॅकची, म्हणजे तक्रारीवरून पैसे गिऱ्हाइकाला परत करण्याची, प्रक्रिया सुरू करील, रक्कम तुमच्या खात्यातून उचलली जाईल, वर दंडवजा शुल्क लागेल आणि माल तर कधीच गेलेला असेल. पुष्कळशा कारणांसाठी ही तक्रार व्यवहारानंतर १२० दिवसांपर्यंत करता येते, त्यामुळे चार महिन्यांपूर्वी खर्चून टाकलेल्या नफ्याची आठवण अधूनमधून ताजी होत राहते. माल पोहोचल्याची सही, पत्ता, पत्रव्यवहार असे पुरावे मागितले गेले की मुदत उलटेपर्यंत मौन पाळा. स्वाभिमानी माणूस खुलासे देत नाही.

हे सारे नेमाने केलेत, तर एक दिवस तुमची बँक तुमचे व्यापारी खाते बंद करील. मास्टरकार्ड एक यादी ठेवते, तिचे नाव मॅच. बँकांनी ज्या दुकानदारांशी संबंध तोडले त्यांची नावे तिच्यात जातात, आणि नवे खाते देण्यापूर्वी इतर बँका ती चाळून पाहतात. गिऱ्हाइकांचे क्रमांक जपणे तुम्हाला जमले नसेल, पण तुमचे नाव तिथे पूर्ण ५ वर्षे अतिशय काळजीपूर्वक जपले जाते.