'ब्लेझिंग सॅडल्स' १९७४ मध्ये तरी कुठे सहज बनला होता?

अमेरिकी दिग्दर्शक मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' या, काउबॉयपटांची (वेस्टर्नची) खिल्ली उडवणाऱ्या विनोदी सिनेमाची एखादी क्लिप कुणी टाकली, की खाली ठरलेलं वाक्य येतंच: "असा सिनेमा आज कुणी काढूच देणार नाही. तेव्हा लोकांना विनोद कळायचा आणि हा सिनेमा सगळ्यांचीच सारखी टिंगल करतो." हा माझा अतिशय आवडता सिनेमा आहे, म्हणूनच हे वाक्य मला खटकतं.

तेव्हा विनोद कळायचा म्हणे. कुणाला? पटकथेच्या पाच लेखकांपैकी एक होता रिचर्ड प्रायर, हा कृष्णवर्णीय विनोदवीर. सिनेमाचा कृष्णवर्णीय नायक शेरीफ (गावाचा पोलीसप्रमुख) बार्ट, त्याची भूमिका त्यानेच करावी अशी ब्रुक्स यांची इच्छा होती. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने नकार दिला आणि ती क्लीव्हन लिटलकडे गेली. सिनेमा तयार झाल्यावर वरिष्ठांनी कापाकापीची यादीच दिली: ती वर्णद्वेषी शिवी काढा, शेकोटीभोवती बीन्स खाऊन पादणारे काउबॉय काढा, घोड्याला मारलेला ठोसा काढा. ब्रुक्स यांनी सगळं टिपून घेतलं आणि कागद फेकून दिला. अंतिम संकलनाचा हक्क त्यांच्याकडे होता, म्हणून सिनेमा वाचला. टीव्हीवर दाखवताना मात्र शेकोटीच्या दृश्यातले आवाज बदललेच.

'सगळ्यांची सारखी टिंगल' हे तर सिनेमा नीट न पाहिल्याचं लक्षण आहे. सुरुवात आठवा. काळ १८७४, रेल्वेमार्गावर राबणारे कृष्णवर्णीय मजूर. गोरे मुकादम फर्मावतात, गुलामांचं एखादं गाणं म्हणा. मजूर ब्रॉडवेचा संगीतकार कोल पोर्टरचं 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' सफाईने गातात आणि थोड्याच वेळात मुकादमच हातपाय झाडत नाचू लागतात. हसं मुकादमांचं होतं. पुढे दोन मजूर ट्रॉलीसकट दलदलीत रुततात, तेव्हा फोरमन दोर टाकतो तो ट्रॉलीला. ब्रुक्स यांनी स्वतः साकारलेला गव्हर्नर समोर येईल त्या कागदावर सही करतो, आणि गोरे गावकरी कृष्णवर्णीय शेरीफला पाहून पळून जातील, मग जमीन लाटता येईल, म्हणून तिथे तसा शेरीफ नेमला जातो. अख्ख्या सिनेमात सगळ्यात हुशार, सगळ्यात देखणा माणूस बार्टच आहे. शिवी ज्यांच्या तोंडी आहे ते मूर्ख ठरतात.

आणि खरा मार आहे तो हॉलिवूडवर. वाळवंटात पार्श्वसंगीत कुठून येतंय म्हणून बघावं, तर जॅझ संगीतकार काउंट बेसी आपला ऑर्केस्ट्रा घेऊन बसलेले! शेवटची मारामारी भिंत फोडून शेजारच्या संगीतिकेच्या सेटवर घुसते. पडद्यावरचा गोरागोमटा 'वेस्ट' हा मुळात स्टुडिओचा देखावा होता, हे त्या फुटलेल्या भिंतीतून दिसतं. बॅस रीव्ह्‌ज हा खराखुरा कृष्णवर्णीय डेप्युटी मार्शल नेमला गेला तो १८७५ मध्ये, म्हणजे या कथेच्या पुढच्याच वर्षी. हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्नपटांत असा माणूस क्वचितच दिसतो.

सिनेमातलं सगळंच मी पाठीशी घालणार नाही. बलात्कारावरचे विनोद आणि संगीतिकेतल्या नर्तकांची समलिंगी म्हणून केलेली ती नक्कल मला पाहवत नाही.

राहिला 'आज काढूच देणार नाहीत' हा मुद्दा. २०१२ च्या 'जँगो अनचेन्ड' या गुलामगिरीच्या काळातल्या वेस्टर्नमध्ये तीच शिवी कितीतरी वेळा येते, मुखवटेधारी टोळी डोळ्यांच्या भोकांवरून भांडते, आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळतं. यावर लोक सांगतात, "पण हे खुद्द ब्रुक्सच म्हणाले आहेत." म्हणाले आहेत, खरं आहे. पण याच कथेवर बेतलेला, कुत्र्यामांजरांचा ॲनिमेशनपट 'पॉज ऑफ फ्युरी' २०२२ मध्ये आला. 'ब्लेझिंग सामुराई' या नावाने त्याची सुरुवात झाली होती. त्यातल्या एका पात्राला ब्रुक्स यांनीच आवाज दिला आहे; तो प्रदर्शित झाला तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.