पक्ष्याला दिसू नये, साहेबाला दिसावं

पोल्ट्रीच्या शेडवरच्या कामगारांना चमकणारी जाकिटं घ्यायचं मनावर घेतलंत, त्याबद्दल आधी अभिनंदन. नक्कीच कुणीतरी पाहणीला येणार असणार. बँकेचा माणूस, विम्याचा माणूस, नाहीतर ज्या कंपनीची पिल्लं करारावर वाढवता तिथला मोठा साहेब. एरवी कोंबड्यांखाली अंथरलेल्या ओल्या तुसातून उठणाऱ्या अमोनियाने पोरांचे डोळे झोंबतात तेव्हा तुम्हीच सांगता, ‘सवय होते रे.’ तेव्हा हा खर्च वाया जाऊ नये म्हणून दोन शब्द सांगतो.

पहिला प्रश्न रंगाचा. भडक पिवळा, भडक नारिंगी आणि भडक लाल असे तीनच रंग अशा जाकिटांच्या मानकात बसतात. पिवळा घ्या, पिल्लांना मॅचिंग होतो. हा भडकपणा साध्या रंगासारखा नसतो. उन्हातली डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं शोषून तो ती दिसणाऱ्या उजेडात परत टाकतो, म्हणून ढगाळ दिवशीही माणूस उठून दिसतो. फक्त एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. अंधारात या रंगाला काहीही काम नसतं. तुम्हीही ती कुणाला सांगू नका. शेडवरचं सगळ्यात धोक्याचं काम रात्री चालतं हे साहेबाला कुठे ठाऊक असतं? तो अकरा वाजता येतो आणि जेवून जातो.

रात्रीसाठी असते ती चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात. उजेड जिकडून येतो तिकडेच ते परत फेकतात. मानकाप्रमाणे ती किमान ५० मिलिमीटर रुंद हवी. आपल्याकडे हे मानक म्हणजे आयएस १५८०९, बाहेर आयएसओ २०४७१. मानकातल्या दुसऱ्या वर्गाचं जाकीट म्हणजे किमान अर्धा चौरस मीटर भडक कापड. म्हणजे जवळजवळ साडेपाच चौरस फूट झाले की हो! ब्रॉयलरला, म्हणजे मांसाच्या कोंबडीला, तुम्ही साधारण चौरस फूटभर जागा देता. पाच पक्ष्यांची जागा एका मजुराच्या अंगावर? तुम्ही सरळ बाजारातलं शंभर-सव्वाशेचं जाळीचं जाकीट घ्या. त्यावरची पट्टी म्हणजे बहुतेकदा नुसतं चकचकीत प्लॅस्टिक असतं, मणी वगैरे भानगड नाही. बॅटरी डोळ्याशेजारी धरून दहा-बारा पावलांवरून पाहिलं तर खरी पट्टी लख्ख पेटते आणि खोटी मख्ख राहते. पण ही परीक्षा दुकानात घेऊ नका. दुकानदाराला वाईट वाटतं.

पाठीवर फार्मचं नाव मात्र मोठं छापून घ्या. ‘जय अमुक पोल्ट्री’, खाली मोबाईल नंबर, जमलं तर कोंबडीचं चित्र. छपाईने जेवढं भडक कापड झाकलं जाईल तेवढं ते मोजणीतून वजा होतं म्हणे. जाहिरात तरी होते.

आता पक्ष्यांचं बोलू, कारण आपल्या धंद्यात पहिला विचार त्यांचाच. रंगांच्या बाबतीत कोंबडीची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट असते. आपल्याला तीन रंगांचं गणित कळतं, तिला चौथंही कळतं, अतिनील किरणंसुद्धा दिसतात. रोज मळकी लुंगी आणि बनियन पाहणाऱ्या हजारो पक्ष्यांसमोर एके दिवशी पेटता पिवळा माणूस उभा केला की ते बिचकतात, एका कोपऱ्यात धावतात आणि एकमेकांवर चढतात. खालचे गुदमरतात. त्या दिवशीची मरतूक रजिस्टरला लिहायला जागा पुरत नाही. जाणकार सांगतात, शेडच्या आत रोज एकाच साध्या रंगाचे कपडे घाला, ते तिथेच ठेवा, आणि भडक जाकीट बाहेर, गाड्या फिरतात त्या आवारात घाला. म्हणजे माणशी दोन जोड! असल्या जाणकारांना फार्मवर बोलवायचंच कशाला?

धुण्याचं म्हणाल तर धुवायचंच नाही. खऱ्या जाकिटाच्या आत लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते चालेल याचा आकडा असतो. न धुतल्यास ते कायम चालेल, हा हिशेब सोपा आहे. तुसाची धूळ, पिसांचा भुगा आणि विष्ठा पट्टीवर बसून मणी झाकले गेले तर तो मण्यांचा दोष. आणि ब्रूडिंगच्या, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याच्या आठवड्यात, जेव्हा आत ३२-३४ अंश ठेवावे लागतात, तेव्हा हे पॉलिएस्टर घालून पोरं घामाने निथळली, तर ‘थंडी वाजत नाही ना?’ एवढं विचारा. मालकाने चौकशी केली की माणसं टिकतात.

खरी परीक्षा लॉट, म्हणजे वाढलेल्या पक्ष्यांची खेप, विक्रीला निघते त्या रात्री. चाळिसेक दिवसांचा दोन किलोचा माल. दिवसा उचलला तर उन्हाने वाटेतच मरतो, म्हणून गाडी मध्यरात्रीनंतर येते. शेडमधले दिवे मालवून निळा बल्ब लावतात. त्या मंद निळ्यात पक्षी शांत बसतात. पकडणारी पोरं वाकून पायाला धरून एका हातात चार-पाच, दोन्ही हातांत मिळून नऊ-दहा पक्षी उलटे उचलतात आणि वजनकाट्याकडे पळतात. पाठ सरळ करायला उसंत नाही, कारण मजुरी नगावर. आणि बाहेर अंधारात ट्रक मागे येत असतो.

इथे नीट लक्ष द्या. चंदेरी पट्टी उजेड येतो तिकडेच परत पाठवते, हे वर सांगितलंच. ट्रकचे मोठे दिवे पुढे. पोरगा मागे. मागच्या रिव्हर्सच्या दिव्याची काच मागच्या मोसमात फुटली, बल्ब त्याआधीच गेला. म्हणजे पट्टीवर उजेडच पडत नाही, मग ती परत काय पाठवणार? ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, ‘हाय का मागं कुनी?’ क्लीनर चहाला गेलेला. उलटे पक्षी फडफडत असतात, एक्झॉस्ट पंखा घोंघावत असतो, त्यात ‘थांब’ कुणाला ऐकू जाणार? रिव्हर्सचा दिवा बसवायला शंभर-दोनशे रुपये आणि आवारात एक फ्लडलाईट. पण दिवा फोटोत येत नाही. दिवसा बंद असतो ना. जाकीट येतं.

त्यात ही पकडणारी पोरं तुमची नाहीतच. ती मजूर पुरवणाऱ्या टोळीवाल्याची. त्यांना जाकीट द्यायचं कारणच नाही. आणि टोळीवाल्याने दिलंच, तर तेच जाकीट, तीच चप्पल घेऊन ती त्याच रात्री पुढच्या फार्मवर जातात, म्हणजे तुमच्याकडचा जो काही रोग असेल तो शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचा तुम्हाला. फाटकाजवळ पाय बुडवायच्या फूटबाथमध्ये औषध आहे की नुसतं पावसाचं पाणी, यावर चर्चा नको. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पांढऱ्या किटमधली माणसं घराघरांत टीव्हीवर दिसली. २०२१ला पुन्हा नवापूरच. पोल्ट्रीवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकायला सरकारी तिजोरी उघडते, पण आधी पक्षी मरावे लागतात.

फोटोचं एक तंत्र सांगतो. पोरांना शेडसमोर ओळीने उभं करा, जाकिटं नवी, घड्या मोडलेल्या नकोत. संध्याकाळी काढणार असाल तर फ्लॅश मारू नका. खरी पट्टी असेल तर ती फ्लॅशमध्ये ट्यूबलाईटसारखी पेटते, मोबाईलचा कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि चेहरे सगळे काळे पडतात. चेहरे न आलेले बरे असं वाटत असेल, कारण हजेरीपत्रकावर चार नावं आणि फोटोत नऊ माणसं, तर मग फ्लॅश जरूर मारा.

माप एकच घ्या, एक्सएल. पोरं तीन-चार महिन्यांत गावाकडे जातात, नवी येतात. जाकीट तेच राहतं. कुणी लहानखुरा असला तर कडेचे बंद फीडरच्या साखळीत अडकतील, तेवढे कापून टाका. साहेब गेल्यावर सगळी जाकिटं मोजून ऑफिसच्या कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. आणि बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट, नग स्पष्ट लिहिलेले. उद्या लॉटच्या रात्री गाडीखाली कुणी आलं तर पोलीस पहिलं विचारतील, सुरक्षेची साधनं दिली होती का. तेव्हा कपाट उघडून दाखवता येतं. कोरी करकरीत, एकही डाग नाही.