डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वरही उडतो

सोलापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायाला खोबरेल तेल लावा, डेंग्यू होणार नाही. हे खोटे आहे. मेसेज वाचून कुणी लेकराच्या पायाला तेल चोपडून निर्धास्त बसू नये, म्हणून लिहितो आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास पाय-घोट्याला जास्त चावतो, एवढेच त्यात खरे. पण तो हातांना, मानेलाही चावतो आणि इमारतीच्या वरच्या मजल्यांवरही सापडतो. खोबरेल तेलावर विसंबता येत नाही. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवीच.

आपल्याकडे खरी अडचण साठवलेल्या पाण्याची आहे. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या असतात. या डासाला गटारापेक्षा असे स्वच्छ, साचलेले पाणीच आवडते. मादी अंडी पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटवते. बॅरल रिकामे करून वाळवले तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा बॅरल आतून काथ्याने खसखसून घासा आणि तोंडाला घट्ट फडके बांधा. कूलर, फ्रिजमागचा ट्रे विसरू नका.

ताप आलाच तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांकडे जा.